लांबलेली प्रार्थना

चर्चच्या मंडळीतले लोक त्याला पाठीमागे ‘पॅसेंजर’ म्हणत, कारण त्याची प्रार्थना एकदा सुटली की प्रत्येक स्टेशनावर थांबायची. धंद्याने तो शिंपी. कापड बेतताना कमालीचा काटकसरी, शब्दांच्या बाबतीत मात्र हात सैल. ते नाव त्याच्या कानावर आलं होतं आणि त्याला ते मनातून आवडतही होतं.

त्या रविवारी उपासनेनंतर चर्चचे नवे पाळक त्याच्या घरी जेवायला आले. ताटं वाढून झाली. बायको त्याच्या कानाशी लागली, "आईनं मधुमेहाचं इंजेक्शन घेतलंय, तिला लगेच खायला हवं. आटोपतं घ्या."

त्याने मान डोलावली, डोळे मिटले आणि सुरू झाला. आजाऱ्यांसाठी मागून झालं, प्रवाशांसाठी झालं, राज्यकर्त्यांसाठी झालं. पाळक ऐकताहेत म्हटल्यावर आवाजाला भलतीच धार चढली.

"जावईबापू... जरा..." सासूबाई पुटपुटल्या.

"आणि प्रभू," त्याने आवाज आणखी चढवला, "तुझ्यासमोर ज्यांना धीर धरवत नाही, त्यांना धीर दे!"

खुर्ची करकरली. त्याने डोळे उघडले, तर सासूबाई पाळकांच्या खांद्यावर कलंडलेल्या. चेहरा पांढराफटक, अंगाला दरदरून घाम. शुद्ध तेवढी होती. बायको साखरेचं पाणी घेऊन धावली.

"मला वाटलं, इतक्यात काही..." तो चाचरला.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

घोट घोट पाणी पोटात गेलं, तशा सासूबाई सावरल्या. पाळक निघताना म्हणाले, "होतं असं." ते चांगल्या मनाने म्हणाले, पण त्याला चपलांकडे बघत राहावं लागलं.

दुपारी तो सासूबाईंच्या खाटेशी जाऊन उभा राहिला.

"आई, चुकलं माझं."

"मी हाक मारली, ती ऐकू आली होती?"

खोटं बोलणं सोपं होतं. "आली होती," तो म्हणाला. "पाळकांसमोर मला थांबायचं नव्हतं. वर तुम्हालाच टोमणा मारला, तोही देवाच्या नावानं."

त्यांनी पाय जवळ घेऊन खाटेवर जागा केली. मग म्हणाल्या, "टोमणा कळला होता मला. बसा आता, उभे कशाला?"

रात्री जेवताना सगळ्यांनी सवयीने त्याच्याकडे पाहिलं.

"आई, तुम्ही आधी दोन घास खा," तो म्हणाला आणि बायकोकडे वळला, "प्रार्थना तू कर."

तिने थोडक्यात आभार मानले. त्याला फक्त ‘आमेन’ म्हणायचं होतं, तेही धड फुटेना.

"भाजी घ्या," सासूबाई म्हणाल्या. त्याने मान खाली घालूनच ताट पुढे केलं.