तक्रारदारांचा जिना

जुन्या नगरभवनाला दोन जिने आहेत. पुढचा सभासदांचा: रुंद, संगमरवरी, वीस पायऱ्या. मागचा तक्रारदारांचा: गोल, काळ्या दगडाचा, थेट घुमटाखालच्या तक्रार विभागापर्यंत एक्याण्णव पायऱ्या, धरायला कठडासुद्धा नाही. पहिल्या नगराध्यक्षांनी शंभर वर्षांपूर्वी तो मुद्दाम तसा बांधून घेतला. फार पोचलेला माणूस! खाली तणतणत आलेला माणूस वर पोचला की फक्त पाणी मागायचा. ते पाणी एकतीस वर्षं मी, इथला शिपाई, देत आलो. पाणी पिऊन, माझेच आभार मानून लोक घरी जायचे.

पुढे कारभार नव्या इमारतीत गेला. इथे उरलो राखणीला मी, बायको आणि जिन्याखालची आमची खोली. परवा दारावर नोटीस लागली: इमारत पाडणार.

माझं टाळकंच सटकलं. आम्ही काय रस्त्यावर राहायचं? तडक नव्या कचेरीत गेलो. तिथे लिफ्ट. आठव्या मजल्यावर अर्ध्या मिनिटात, राग जसाच्या तसा गरमागरम पोचला.

"घुमट पाहिलात? कमानी पाहिल्यात?" नोटिशीवर सही करणाऱ्या इंजिनीअरबाईंच्या टेबलावर मी हात आपटला. "आणि तो जिना? असा जिना बांधायला डोकं लागतं, बाई!" मग जिन्याची सगळी कुळकथाच ऐकवली.

"काका, इथे रोज साठ माणसं अशीच ओरडत येतात," बाई कपाळ चोळत म्हणाल्या. मग एकदम सावरून बसल्या. "किती पायऱ्या म्हणालात?"

आठवड्यात हुकूम आला. इमारत जतन करायची, तक्रार विभाग पुन्हा तिथेच न्यायचा.

"बघितलंस नवऱ्याचं पाणी?" मी बायकोला म्हटलं.

"दुसरं पान वाचा," ती म्हणाली.

दुसऱ्या पानावर होतं: जिन्याखालची खोली तक्रारींच्या फायलींसाठी तत्काळ रिकामी करावी.

"आता दाखवा ते पाणी! सोमवारी विभाग उघडतोय. जा, करा तक्रार!"

सोमवारी चढायला लागलो. पहिल्या वीस पायऱ्या शिव्या घालत चढलो. चाळिसाव्या पायरीला गुडघे कुरकुरायला लागले. साठाव्या पायरीवर बूड टेकलं.

"पोचलात का हो?" खालून बायको ओरडली.

"अगं," मी धापा टाकत म्हटलं, "खोलीला तशी ओल होतीच."