तांडेलाने नापास केलेली खेळणी

कमलाकांतने आयुष्यात एकाच कागदावर न तपासता सही केली होती, ती लग्नाच्या रजिस्टरवर. आणि तीही फोटोवाल्याचा फ्लॅश ऐन वेळी डोळ्यांत गेला म्हणून. एरवी तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, नळाच्या तोट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होता. तोटी तीनदा उघडायची, तीनदा बंद करायची, थेंब गळला तर लाल पट्टी बांधून तिच्यावर नापासाचं कारण लिहायचं. सालवडच्या भाड्याच्या दोन खोल्यांतला नळही तो तीनदा बंद करायचा. बायको नलू विचारायची, पाणी पहिल्या खेपेलाच थांबतं, मग पुढच्या दोन खेपांना तुम्ही बंद काय करता?

अशा माणसाकडे सासूने पोपट ठेवायला दिला.

सासू राहीबाई एडवणला सुकी मासळी विकायची. थोरल्या लेकीच्या बाळंतपणासाठी ती सव्वा महिना सातपाटीला निघाली होती, आणि बाळंतिणीच्या खोलीत नेण्यासारखा हा पोपट नव्हता. तो राहीबाईच्या नवऱ्याच्या आवाजात बोलायचा, शिव्यांसकट. पुंडलिक नाखवा जाऊन तीन वर्षं झाली होती, पण पोपटाला तसं कोणी कळवलं नव्हतं. रोज संध्याकाळी तो आधी नाखव्यासारखा खोकायचा, मग खर्जात म्हणायचा, "राही, च्या दे." आणि राहीबाई चहा टाकायची. एकटीच होती, तरी दोन कप. पोपटाचं नाव तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, कारण नाखव्याच्या मते तो स्वतः वल्ह्याला हात न लावता हुकूम सोडणाऱ्यांपैकी होता.

"यांचा आवाज आता याच्याच गल्यात हाय," पिंजरा देताना राहीबाई म्हणाली. "तेवडा सांबाला, जावय."

कमलाकांतने सांभाळला. शेंगदाणे निवडून, पेरूच्या फोडी एका मापाच्या करून, मिरचीचं देठ काढून तो वाटी भरायचा. आठव्या दिवशी तांडेल छातीची पिसं उपटायला लागला. बाराव्या दिवशी छाती पार उघडी पडली. आणि आल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता. खोकलासुद्धा नव्हता.

पालघरच्या गुरांच्या डॉक्टरने पिंजऱ्यात पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा म्हैस येणार म्हणून तयारीत बसलेल्या माणसासारखा पडला. तरी त्याने विचारलं की हा एडवणला दिवसभर करायचा काय. नलूने सांगितलं, आई जवळा निवडायला बसली की हा टोपलीत उचकापाचक करायचा, शेंगा फोडायचा, चोचीला लागेल ते सोडवत बसायचा. आणि इथे? इथे वाटी.

"बेकार आहे तो," डॉक्टर म्हणाला. "खाणं शोधायला लावा, नाहीतर अंगावरचंच शोधत बसेल."

वसाहतीत कामावर लागायचं तर कोणाची तरी ओळख लागते. तांडेलाची ओळख थेट तपासनिसापर्यंत होती. कमलाकांतने पॅकिंगमधल्या झिपरूला हाताशी धरलं आणि खेळणी बनवायला घेतली. आत दाणा लपवायचा, पोपटाने तो खटपट करून काढायचा. काम कारखान्याच्या शिस्तीने. कडेला धार नको, चोच अडकता कामा नये, मीटरभरावरून पडून फुटता कामा नये, आणि दाणा निघायला पाच मिनिटांपेक्षा कमी नको नि पंधरापेक्षा जास्त नको. तक्ता आखून त्याने तो पिंजऱ्याशेजारी भिंतीला लावला. ग्राहकाला दिसेल असा.

पहिला नग अर्थातच तोटी. पोपटाने ती फिरवली की दाणा पडणार. तांडेल चाळीस मिनिटं तिच्याकडे नुसता बघत बसला. शेवटी कमलाकांतने हात घालून तीनदा फिरवून दाखवली, तेव्हा तो चावला. लाल पट्टीवर शेरा पडला: 'वापर ग्राहकास समजला नाही. समजावताना तपासनिसाचे बोट.' दुसरा नग झाकणाची डबी. ती कमलाकांतने घड्याळ बघायच्या आत उघडली गेली. मग झिपरूने बांबूच्या पेराला भोकं पाडून आणलं. धार नाही, अडकणं नाही, पडून ओरखडाही नाही.

"सायेब, यो तरी पास करा," झिपरू म्हणाला.

तांडेल पेरावर चढला आणि झोपला. शेरा: 'ग्राहक समाधानी. काम शून्य.'

नापास माल महिनाअखेरपर्यंत जागेवरच ठेवायचा, असा कारखान्याचा नियम. त्यामुळे चौथ्या आठवड्यापर्यंत पिंजऱ्यात सात नापास खेळणी लटकत होती, प्रत्येकाला लाल पट्टी, आणि मधोमध बसायला जेमतेम जागा उरलेला उघडा पोपट. पट्ट्या तारेने बांधायच्या तर तारेला धार, म्हणून दोरा. आणि कमलाकांतची गाठ सुटून पट्टी पाण्याच्या वाटीत पडायची. तिसऱ्यांदा पडली तेव्हा नलूने वैतागून सगळ्या पट्ट्या आपल्या हाताने बांधल्या. बापाने शिकवलेली एकच गाठ तिला येत होती, जाळ्याची.

त्या रविवारी दुपारी तांडेल पहिल्या पट्टीपाशी सरकला. खेळण्याकडे त्याने बघितलंही नाही. दोरा पायात धरला, चोच गाठीत घातली, ओढून पाहिलं, मान फिरवली, दुसरीकडून घातली. कमलाकांतने घड्याळ काढलं. अकराव्या मिनिटाला गाठ सुटली, पट्टी खाली पडली. तांडेल दुसऱ्या गाठीकडे वळला, थांबला आणि खोकला.

"जाल्याची गाट सोडू नको, मेल्या."

"नाय सोडत, बाबा," आतून नलूचं उत्तर आलं. मग लाटणं खाली ठेवल्याचा आवाज आला.

डोळे पुसत बाहेर येऊन तिने सांगितलं, की बाबा जाळं शिवायला बसले की पोपट मागून गाठी सोडायचा, आणि लहानपणी ती त्याला मदत करायची. बाबांचं ते वाक्य दोघांनाही मिळून असायचं.

कमलाकांतला आनंद झाला, पण अडचणही झाली. जे चाललं ते खेळणं नव्हतं, पट्टी होती, आणि पट्टी तपासलेलीच नव्हती. त्याने ती मीटरभरावरून टाकली. ती सावकाश, वाटेल तिथे पडली, पण फुटली नाही. बाकीच्या कसोट्यांतही ती बसली. पास. पास मालाला हिरवी पट्टी लागते; नलूने ती लाल पट्टीला जाळ्याच्या गाठीने बांधली. तांडेलाने ती नऊ मिनिटांत सोडवली. हिरवी पट्टी नसलेला माल नियमाने न तपासलेला, म्हणून कमलाकांतने लाल पट्टी पुन्हा तपासली. असे दहा दिवस गेले. मधल्या काळात नलूने कोणाला न विचारता पट्ट्यांच्या घडीत शेंगदाणे बांधायला सुरुवात केली. वाटी रिकामी राहू लागली, आणि छातीवर पिसांचे कोंब दिसू लागले.

सव्वा महिना पुरा करून राहीबाई आली ती पिशवी न ठेवता पिंजऱ्यापाशी गेली. तांडेल गप्प बसला होता.

"पिसं कुटं गेली याची?"

कमलाकांतने काहीही न लपवता सगळं सांगितलं, बोटासकट. तिने ऐकलं की नाही कळेना. ती वाकून एका गाठीवरून बोट फिरवत होती.

"ही कोनी मारली?"

"मी," नलू म्हणाली.

"सैल हाय. त्यांची अशी नसायची."

"नऊ मिनिटं टिकते," कमलाकांत म्हणाला. ती पास झाली होती, त्यामुळे तिची बाजू घेणं त्याला भाग होतं.

राहीबाईने गाठ सोडली आणि पुन्हा मारली, घट्ट. तांडेलाने एका डोळ्याने ते बघितलं, मग दुसऱ्या. तो खोकला.

"राही, च्या दे."

राहीबाई सरळ झाली. लेकीच्या घरी चहाची पूड कुठे असते हे न विचारता तिने डबा काढला, नळाखाली पातेलं भरलं आणि स्टो पेटवला. कप चार मांडले. माणसं तीन होती, पण ते कोणी मोजलं नाही. नळ तिने एकदाच बंद केला होता. उरलेल्या दोन खेपांसाठी कमलाकांत जागचा उठला नाही.