उभी परांची

सुनावणीच्या दिवशी सकाळी आमचे हे एका गालावर साबण तसाच ठेवून सारखे खिडकीशी जात होते. खिडकीतून दिसत काहीच नव्हतं. समोरची भिंत आणि तिच्यावरून उतरणारा पाण्याचा पाइप. तरी जात होते.

"अहो, दुसरा गाल राहिलाय."

"राहू दे. परवाना तरी कुठे पुरता राहणार आहे!"

हे विनोद करायला लागले की समजावं, घाबरलेत.

आमचे हे बांधकामाचे कंत्राटदार. नाव घ्यावं एवढे मोठे नव्हेत. गिलावा, गळती, कुणाची वाढीव खोली. पण या वेळी किती वर्षांनी शाळेच्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम मिळालं होतं आणि पुढच्या आठवड्यात सही व्हायची होती. परवाना हातात असेल तरच सही. नेमकं त्याच वेळी परवान्याच्या ऑफिसातून बोलावणं आलं. भाड्याने आणलेल्या परांचीचं भाडं थकवलं म्हणून दुकानाने तक्रार केली होती, आणि अशा कंत्राटदाराचा परवाना निलंबित करायचा असा तिथला नियम.

थकलं कसं, ते सांगते. लोखंडी नळ्या, क्लॅम्प आणि फळ्या जोडून परांची उभी करायची म्हणजे घाम निघतो. म्हणून या धंद्यात एकदा उभी केलेली परांची कुणी लगेच उतरवत नाही. गवंड्याचं काम झालं की त्याच परांचीवर गिलाव्याची माणसं चढतात, मग रंगारी. दुकानात कळवायच्या भानगडीत कुणी पडत नाही. भाडं मात्र ज्याच्या नावाने नळ्या आणल्या त्याच्या डोक्यावर चढत राहतं. ते मागाहून आपसात मिटवतात, चहा पाजतात, एकमेकांना चार शिव्या देतात आणि विसरतात.

यांनी एका तीनमजली घराचा गिलावा संपवला आणि परांची रंगाऱ्याच्या हवाली केली. रंगारी म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. घरमालकाने त्याचे पैसे अडवले, म्हणून त्याने ब्रश खाली ठेवला. भिंत अर्धी पिवळी होऊन थांबली आणि परांची उन्हातान्हात उभी राहिली. महिने गेले. माझ्या भावाने आम्हाला कळवलं नाही, आणि यांनी विचारलं नाही. मेव्हण्याला कसं विचारायचं, म्हणे!

ऑफिसात दुकानाकडून थोरल्या मालकांची मुलगी आली होती. थोरले मालक आता घरीच असतात, दुकान ती बघते. तिला पाहिल्याबरोबर हे विरघळले.

"अगं पोरी, बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. पण काका, इथे मला पोरी म्हणू नका."

हे खुर्चीत चुळबुळले. समोरच्या अधिकारी बाईंनी चष्मा वर केला. "भाडं दिलं नाही, हे खरं?"

"नाही. म्हणजे हो. म्हणजे द्यायचंय."

"परांची कुणाकडे होती इतके दिवस?"

मी बाजूला बसले होते, मला बोलायचं काही कारण नव्हतं. यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. ठेवला म्हणजे दाबला. पण माझा जीव शाळेच्या कामात अडकलेला, आणि भाऊ माझा आहे, तेव्हा त्याचं नाव घ्यायचा पहिला मानही माझाच.

"माझ्या भावाकडे होती, मॅडम. रंगारी आहे तो. यांची काही चूक नाही."

"त्याच्याकडे परवाना आहे?"

"रंगाऱ्याला कशाला लागतो परवाना?"

"परांचीवर माणसं चढवायला लागतो." बाईंनी लिहायला घेतलं. "म्हणजे परवाना नसलेल्याला सामान दिलंत. हे आणखी एक झालं."

यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात दुकानवाली मुलगीच मध्ये पडली. "मॅडम, यांचा परवाना घेऊन मी काय करू? मला माझ्या नळ्या हव्यात. कर्ज काढून घेतल्यात. हप्त्याने भाडं घेईन मी, पण सामान परत पाहिजे."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आज ऑफिस बंद व्हायच्या आत सगळं सामान दुकानात पोचल्याची पावती आणा. मग ताकीद देऊन सोडते. नाहीतर उद्यापासून परवाना निलंबित, सगळं भाडं फिटेपर्यंत."

आम्ही धावतच निघालो. रस्ताभर मीच दोघांच्या वाटचं बोलत होते.

त्या घरापाशी पोचलो आणि मी कपाळाला हात लावला. परांचीवर आख्ख्या गल्लीने धुणं वाळत घातलं होतं. चादरी, गोधड्या, कुणाच्या तरी प्रचंड विजारी. अडलेले पैसे मागायला आलेला माझा भाऊ पायरीवर बसून डबा खात होता.

"ताई? आज इकडे कुठे?"

"तुझ्या नावाने खडे फोडायला. ऊठ आधी!"

सगळं ऐकल्यावर त्याने डबा तसाच खाली ठेवला. "दाजी, मला एकदा सांगायचं तरी! मी पाया पडतो तुमच्या."

"पाया काय पडतोस, वर चढ," हे म्हणाले.

मी दारं ठोठावून धुणं उचलायला लावलं. विजारींचा धनी घरात नव्हता, म्हणून त्या माझ्याच खांद्यावर आल्या. हे वरच्या टोकाला पोचले होते. ते एकेक क्लॅम्प सोडत, नळी भावाच्या हातात देत, भाऊ खाली नाक्यावरून आणलेल्या मजुराला, मजूर जमिनीवर. एक नळी खाली आली की मगच दुसरी. मी खाली येरझारा घालत होते. मुलगी ट्रक घेऊन आली, तिने वर पाहिलं, मग मोबाइलवर वेळ पाहिली.

"काका, टाका ना खाली! माती मऊ आहे."

"माती मऊ असेल. डोकी कडक नसतात," वरून आवाज आला. गल्ली जाती-येती होती. शाळा सुटायची वेळ जवळ आलेली.

खरं सांगते, मलाही ओरडावंसं वाटत होतं की टाका हो, टाका एकदाचं.

भावाला राहवलं नाही. यांची पाठ वळली तशी त्याने एक नळी सोडून दिली. ती मातीत उभी आपटली, उसळली आणि खणखणत रस्त्यावर गेली. भाजी घेऊन चाललेली एक म्हातारी जागच्या जागी थबकली. नळी तिच्या पिशवीपासून वीतभर अंतरावर थांबली.

हे खाली उतरले. आधी म्हातारीला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग दोरी मागवली, गल्लीची दोन्ही तोंडं बांधून घेतली, मला एका टोकाला आणि ड्रायव्हरला दुसऱ्या टोकाला उभं केलं. भावाला म्हणाले, "तू आता खालीच राहा. वर मी आणि हा मजूर."

"दाजी, उशीर होतोय."

"होऊ दे."

मी दोरी धरून उभी होते. ती दोरी सोडून पळत जावं आणि ऑफिसचं दार पाठीने अडवून धरावं असं वाटत होतं. लोक विचारत होते, किती वेळ? मी म्हणत होते, मलाच विचारा!

ट्रक अर्धा भरला तेव्हा मुलीने आपणहून फोन लावला. बाजूला जाऊन बराच वेळ बोलली. परत आली ती मान हलवतच.

"बंद झालं ऑफिस. मॅडम म्हणतात, वेळ वाढवायचा अधिकार त्यांना नाही."

हे वर ऐकत होते. हातातली नळी त्यांनी मजुराकडे दिली, त्याची पकड बसली की नाही ते पाहिलं, मग हात सोडला. पुढचा क्लॅम्प सोडायला घेतला. म्हणजे शाळा गेली. आता दुसरा कुणीतरी सही करेल. मी दोरी न सोडता, विजारी कुशीत घेऊन तिथल्याच एका पायरीवर बसले. भाऊ शेजारी येऊन बसला आणि लहानपणी बसायचा तसा नाक ओढत राहिला. मी त्याला एक चापट दिली, मग त्याच्याच डब्यातली चपाती त्याच्या हातात दिली.

शेवटची फळी ट्रकमध्ये चढली तशी मुलगी यांच्यापाशी गेली. "काका, माझी माणसं नळ्या फेकतात. दर महिन्याला वाकलेल्यांचा ढीग होतो. परांच्या उतरवून आणायला माणूस हवाय मला. त्याला परवाना लागत नाही. भाडं त्यातूनच कापून घेत जाईन."

माझा नवरा आयुष्यात कुणाच्या हाताखाली राबला नव्हता.

"रोजाने की महिन्याने?" यांनी विचारलं.

"रोजाने."

"आणि दोरी कुणाची?"

"म्हणजे?"

"रस्ता बांधायची दोरी. ती दुकानाची पाहिजे. प्रत्येक कामाला."

"देईन."

"मग उद्या येतो," हे म्हणाले, आणि तळव्यावरचा गंज विजारींना पुसायला लागले. मी त्या ओढून घेतल्या.