सादळलेल्या कुरडया

राजेश्वरीचं लग्न झालं आणि जावई अजिनाथ तिला गुहागरला घेऊन गेला. तिथल्या शाळेत तो मास्तर. तिच्या आईला, रंगुबाईला, गुहागर म्हणजे समुद्र, एवढंच ठाऊक होतं.

दरवर्षी चैत्रात आई चुलीवर गव्हाचा चीक हाटायची आणि लेक सोऱ्या दाबून धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, पसरलेल्या लुगड्यावर कुरडया घालायची. यंदा रंगुबाईनं दोन्ही कामं एकटीनं केली. पाथर्डीकडचं ऊन ते. सांजेपर्यंत कुरडया कडकडीत वाळल्या. गावातला बजरंग कांद्याचा टेम्पो घेऊन चिपळूणला जायचा. त्याच्याकडं तिनं डबा भरून दिला; चिपळूणहून तो अजिनाथनं घरी नेला.

आषाढात लेकीचा फोन आला.

"आई, कुरडया सादळल्या गं. तेलात टाकल्या तर फुलतच न्हाईत. दातांना चिकटत्यात."

रंगुबाईला ते लागलं. चीक कच्चा राहिला असंल, असं तिच्या मनात आलं. मग म्हणाली, "झाकन नीट लावलं न्हाईस तू."

"लावलं हुतं. हितं हवेतच पानी हाय. मीठ पाझरतंय, दार फुगून बसत न्हाई, कपडे चार-चार दिस वाळत न्हाईत." एवढं बोलून राजेश्वरी थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. "आई, मला आपल्या धाब्यावर नुसतं बसायचंय."

रंगुबाईनं पदर डोळ्यांना लावला. पण दोघी रडत बसल्या तर लेकीनं कुणाकडं बघायचं? ती म्हणाली, "चीक काय, पीठ काय, हवेतलं पानी वढनारच. वढलेलं पानी ऊब दिली की सोडतंय बी. तवा तापव, गॅस बंद कर, मंग त्याच्यावर कुरडया पसर. गार झाल्या की लगेच तळ. मी हाय हितं. फोन ठिवू नको."

फोन चालूच राहिला. पलीकडं पाऊस कौलांवर वाजत होता. बऱ्याच वेळानं तेल चरचरलं आणि लेक ओरडली, "फुलली! आई, कढईभर झाली!"

मग तिच्या खाण्याचा कुरकुर आवाज रंगुबाईनं डोळे मिटून ऐकला. फोन ठेवल्यावर मात्र तिला घर फार मोठं, रिकामं वाटलं.

दिवाळीला राजेश्वरी माहेरी आली. रंगुबाईनं तिच्यासाठी धाब्यावर गोधडी अंथरली. लेक बसली खरी, पण सारखी ओठांवरून जीभ फिरवत होती. तांब्यामागून तांब्या पाणी प्याली. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ फुटले, टाचा उलल्या.

"लई कोरडं हाय गं हितं," ती टाचेला खोबरेल चोळत सहज बोलून गेली. "आमच्याकडं असं न्हाई हं."

रंगुबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. याच अंगणात वाढलेली पोर, आणि आता 'आमच्याकडं' म्हणजे तिकडचं. लेकीनं तिथं रुजावं म्हणून तिनंच देवाला हात जोडले होते. तरी काळजात काहीतरी तुटलं.

राजेश्वरीच्या ते ध्यानातही आलं नाही.

रंगुबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. म्हणाली, "तुमच्याकडं कसं असतंय मंग? सांग की."

लेकीचे डोळे चमकले. खोबरेलाची वाटी बाजूला सारून ती चुलीजवळ सरकून बसली आणि कोकमाचं आगळ, फणस, शेजारची माणसं, सगळं सांगत सुटली. रंगुबाई एकेक भाकरी उलटत ऐकत राहिली.