सात पिढ्यांचा खड्डा

आमच्या घरच्या माणसाले कोणतीच गोष्ट बेतानं जमत नाई. भाजीत मीठ कमी हाये म्हटलं तं मूठभर टाकन, अन् संडास बांधा म्हटलं तं पाताळ गाठन. मी त्यायचं नाव घेत नाई, पण सप्पा गाव किसनराव म्हणते, तं तुमीबी म्हणा. मी त्यायची बायको, आनंदाबाई. लग्न झालं तवापासून कपाळावर हात मारून घेऊन राह्यली.

संडासाचा इषय निघाला तो सुनेपाई. सुरभी बोरगाव मेघ्याची. ते म्हणजे वर्ध्याले लागूनच. तिथं घरात नळ, घरातच संडास, बटन दाबलं का काम झालं. आमचं गाव पडलं हिंगणीच्या अल्याड. नळाचे पाइप येऊन रस्त्याच्या कडेले पडले हायेत, त्यात कुत्रे झोपते. नाली नाईच. पाणी शकुबाईच्या विहिरीचं, अन् बाकीच्या कामाले डबा घेऊन भाईर. माह्या पोरानं, कैलासनं, लग्नाच्या वक्ती सांगतलं होतं का संडास लवकरच बांधतो. पोट्ट्यायचं लवकर म्हणजे तुमाले माहीतच हाये.

पोरगी गुमान माह्यासंग डबा घेऊन येत राह्यली. तोंड वाकडं केलं नाई. मंग तिले दिवस गेले, अन् पोट चांगलं वर आल्यावर एक दिवस बांधावरून पाय घसरला, बसली धपकन खाली. देवाची कृपा, काई झालं नाई. पण बाळंतपणाले माहेरी जाताना मले हळूच म्हणाली, "आई, घरात संडास झाल्याशिवाय मी लेकराला घेऊन येणार नाही. राग मानू नका."

राग कायचा, माय? मलेच लाज वाटली.

मंग काय, हे लागले कामाले. प्रेमदास मिस्त्रीनं सांगतलं, "काका, कमरेएवढे दोन खड्डे खंदू. एक भरला का दुसरा चालू करायचा. पयल्याचं आपोआप खत होते."

"अन् ते खत काढन कोण? तू का मी?" हे म्हणाले.

आमच्या गावात सगळ्यायच्या पोटात हाच भेव हाये. संडास बांधते, अन् तो भरू नये म्हणून कुलूप लावून ठेवते. जावई आला तं कुलूप उघडायचं, नाई तं आतमंधी जाळाले कपाशीच्या पऱ्हाट्या रचायच्या. आमच्या गल्लीतल्या डोमाजीच्या संडासात तं बकरी बांधते. घरचे सारे रोडवर, अन् बकरी टाइलवर, हाये का नाई मज्जा?

"माह्या घरी असं नाई होणार," हे म्हणाले. "सात पिढ्या झाकण उघडाचं काम नाई पडलं पायजे."

अन् ऐन वैशाखात, दोन मजूर लावून, हे सोता खड्ड्यात उतरले. जवानीत यायनं आजूबाजूच्या गावायत विहिरी खंदल्या. हातात पहार आली का माणसाले खोल जायचंच समजे. काळी माती गेली, मुरूम लागला. मुरूम फोडला, तरी खालीच. लोक काठावर उभे राहून वा किसनराव, वा किसनराव करत. तळाले ओला मुरूम लागला तं हे अजूनच खुश. म्हणे, हा खड्डा पाणी पिते, हा काई भरत नाई. मी वरून ओरडली, "अवो, बस करा आता! का तुमच्या मेलेल्या सासऱ्याले भेटाले जाता?" सारे हासले. मीबी हासली.

शकुबाईची विहीर आमच्या कुडाच्या पलीकडंच हाये. मधात दोन खाटा टाकल्या का संपलं. पण कोणाच्याच डोक्यात आलं नाई. ना यायच्या, ना प्रेमदासच्या, ना त्या वा-वा करणाऱ्यायच्या. खड्डा आपला, विहीर शकुबाईची, मधात कूड. जमिनीखाली त्या दोघायची गाठ पडन असं वाटनच कसं?

संडास झाला. निळी टाइल, पत्र्याचं दार. भरायचा भेव नाई म्हणून कुलूपबी नाई. पाऊस लागला, रोडच्या कडेले पाय रुताले लागले, तवा मीच गल्लीतल्या बायायले सांगतलं, "या वो, कायले भिजता? आमच्या इथं या." बाया येऊ लागल्या. शकुबाई तं रोज यायची. माही लग्न झाल्यापासूनची मैत्रीण. नवरा मेला, लेक नाई का बाळ नाई, तिच्याजवळ काय होतं तं ती विहीर. पाणी असं गोड का उन्हाळ्यात दुसऱ्या गल्लीतले लोक हंडे घेऊन येत. शकूनं कोणाले नाई म्हटलं नाई. रस्त्यानं चालली का लोक तिले बाजूले होऊन वाट देत.

तिकडं सुरभीले पोरगी झाली, रुचिका. सव्वा महिना झाला अन् श्रावणात कैलास दोघींले घेऊन आला. सुरभीनं घरात पाय ठेवला, लेकरू माह्या मांडीवर दिलं, अन् आधी जाऊन संडासाचं दार उघडून पाह्यलं. भाईर येऊन म्हणाली, "आई, मस्त झालाय हो." यायची छाती अशी फुगली का सदऱ्याची बटनं तुटतीन. तिनं माहेरून फिनाईलची मोठी बाटली आणली होती, ते भरपूर टाकून संडास घसाघसा धुऊन काढला. मले भलतं बरं वाटलं. म्हटलं, चला, लेकरू घरी राह्यलं आता.

दुसऱ्या दिवशी विहीर पुजाची होती. आमच्यात बाळंतिणीनं विहीर पुजल्याबिगर घरातल्या पाण्याले हात लावाचा नसते. काठावर पाच खडे मांडाचे, हळद-कुंकू वाह्याचं, अन् बादली सोडून ताजं पाणी काढाचं. त्यातलं ओंजळभर बाळंतिणीनं प्याचं, अन् बोट बुडवून लेकराच्या ओठाले लावाचं. विहिरीचं पाणी आटू नये, तसं आईचं दूध आटू नये म्हणून.

गल्लीतल्या बाया जमल्या. म्हातारी वच्छलाबाई पुजा सांगाले पुढं. शकूनं विहिरीचा काठ सारवून ठेवला होता, नवं लुगडं नेसली होती. पंधरा-वीस दिवसांपासून पाण्याले कसातरी वास येऊन राह्यलता. पण पावसाळ्यात नवं पाणी उतरते, थोडं गढूळ होतेच, असं म्हणून आमी गाळून पेत होतो. गल्लीत दोघा-तिघायले हगवण लागलती, तेबी कोणी मनावर घेतलं नाई.

शकूनंच बादली ओढली. सुरभी वाकली, ओंजळ भरली, अन् तोंडाजवळ नेता-नेता थांबली. माह्याकडं पाह्यलं. मी तिच्या बाजूलेच होती, मलेबी तो वास आला. फिनाईलचा.

मले आधी वाटलं, तिच्या हाताले असन. पण हात तं तिनं सकाळी न्हाताना धुतलते. वास पाण्यालेच होता.

"पे बाई, पे. मुहूर्त चालला," वच्छलाबाई म्हणाली.

नवी सून, साऱ्या बाया भोवती, ती काय बोलन? ओंजळ तशीच धरून माह्याकडं पाहत राह्यली. म्या फटकन तिचा हात खाली मारला. पाणी सांडलं, कुंकू वाहून गेलं.

"अवो, अपशकून केला!" वच्छलाबाई ओरडली.

शकूचं तोंड उतरलं. "काऊन आनंदा? माह्या विहिरीचं पाणी तुह्या सुनेले चालत नाई का आता?"

"शकू, वास घेऊन पाय," मी म्हणाली.

ती बादलीवर वाकली. मंग एकेक बाई वाकली. कोणाले समजावून सांगाची गरजच पडली नाई. सकाळीच साऱ्या त्या पत्र्याच्या दाराआड जाऊन आलत्या, सगळ्यायच्या नाकात तो वास होता. एकीनं तं पदर तोंडाले लावला अन् कुडाजवळ जाऊन ओकली. आमी काय पेऊन राह्यलतो, ते आता साऱ्यायले समजलं.

मले वाटलं, शकू आता मले शिव्या देईन. द्यायलेच पायजे होत्या. पण ती काठावर टेकली अन् म्हणाली, "आनंदा, मीबी तं जात होती तिथं." बस, इतलंच. शिव्या दिल्या असत्या तं मी सोसल्या असत्या, हे मले सोसलं नाई. मी भर बायायत रडली.

आरोग्यवाली रक्षा आली, विहिरीत पावडर टाकलं, अन् म्हणाली, खड्डा बंद केल्याबिगर कितीबी पावडर टाका, फायदा नाई; बंद केला तरी पाणी कवा चांगलं होईन सांगता येत नाई, हे पाणी कायलेच वापरू नका. मी प्रेमदासले बलावलं. म्हटलं, बावा, दुसरीकडं खंद, कमरेएवढा खंद, तू म्हणशीन तसा खंद. त्यानं आंगणात चहूकडून फिरून पाह्यलं. म्हणाला, "काकू, आता खंदला तं खड्ड्यात पावसाचंच पाणी उभं राहीन. अन् उन्हाळ्यात खंदला तरी, इतलंसं आंगण, कोणत्याबी कोपऱ्यातून विहीर जवळच पडते." कैलास पंचायतीत जाऊन आला. नालीचं काम वरून मंजूर व्हाचं हाये म्हणे. म्हणजे झालं.

खड्डा यायनंच बुजवला. कोणाले हात लावू देल्ला नाई. भर पावसात टोपल्यानं मुरूम वाहून टाकत होते. एरवी मी बोलाले कमी करत नाई. तवा तोंडाशी कितीक गोष्टी आलत्या, पण चिखलानं भरलेला तो माणूस पाह्यला अन् मी आतमंधी निघून गेली. जेवतानाबी हे माह्याकडं पाहत नव्हते. एकडाव म्हणाले, "मी पोरीसाठीच तं केलं ना वो?" मी म्हणाली, "हो, जेवा."

पाणी आता डोमाजीच्या वावरातल्या विहिरीतून आणतो, एवढ्या लांबून. शकू येते, पण बोलत नाई जास्त. तिले आता कोणी वाट देत नाई.

अन् सुरभी? ती पोरगी भांडली असती तं बरं झालं असतं. "आई, इथंच राहू, करू काहीतरी," असंच म्हणे. पण लेकराचे लंगोट धुवाले पाणी नाई, बाळंतिणीले दिवसातून चारदा उठून चिखलात जावं लागे. कैलासच म्हणाला, "आई, लेकरू लहान हाये." त्यानं बोरगावले खोली पाह्यली. मले विचारलं नाई, सांगतलं. मी तरी कोणत्या तोंडानं थांब म्हणू?

जायचा दिवस इतवारचा. ऑटो दुपारी येणार होता. बोचकं बांधून झालं, लेकराले काजळ लावून झालं, अन् सुरभी माह्या कानाशी म्हणाली, "आई, जरा जाऊन येऊ?" लेकरू यायच्या हाती देल्लं, अन् मी छत्री घेऊन तिच्यासंग रोडवर गेली. वावरायत कपाशी कमरेएवढी, आत पाय ठेवता येत नाई, म्हणून पावसाळ्यात रोडच.

बोर धरण भरलं का इतवारी नागपूर-वर्ध्याचे लोक पाहाले येते. एका मागं एक गाड्या. सुरभी खाली बसली, गाडी आली, उभी राह्यली. गाडी गेली, बसली, फटफटी आली, परत उभी राह्यली. मी छत्री उघडून आडवी धरली, पदर पसरला, पण एकटी बाई कोणत्या-कोणत्या बाजूनं झाकन? एका गाडीतल्या पोट्ट्यानं भोंगा वाजवला अन् आतले सारे खी-खी हासले. "मुडदा पडो तुमचा!" मी ओरडली, पण काच बंद होती.

सुरभी उभीच होती. मंग तिनं डब्यातलं पाणी रोडच्या कडेले ओतून देल्लं.

"राहू द्या आई," ती म्हणाली. "आता बोरगावला जाऊनच जाईन."

उन्हाळ्यात येजो, असं म्हणाचं मनात होतं. पण कायच्या भरवशावर बलावू? मी छत्री मिटली, अन् आमी दोघी तशाच घराकडं चालाले लागलो.