सांगता येण्याजोगं दुखणं

डॉक्टर मॅडमनी बीपी मोजायला सुकन्याच्या दंडाला पट्टा दोनदा बांधला. दोन्ही वेळा आकडा तोच आला. दीडशे आणि शहाण्णव.

"तेविसाव्या वर्षी हे जास्तच आहे गं, सुकन्या," मॅडम म्हणाल्या.

बारामतीच्या या एआरटी केंद्रात, जिथं एचआयव्हीवरच्या गोळ्या मिळतात, सुकन्या सात वर्षांची असल्यापासून येत होती. एचआयव्ही तिला जन्मतःच आईकडून आलेला. आईबाप गेल्यावर सारजाआत्यानं तिला आणि थोरल्या भावाला, सिद्धूला, कऱ्हाटीत आपल्याकडं वाढवलं. सिद्धूला लागण नव्हती. इतक्या वर्षांत सुकन्यानं गोळी क्वचितच चुकवली असेल. तपासणीत तिच्या रक्तात विषाणू सापडतच नसे, आणि त्याचा तिला मनातून अभिमान होता.

आता मॅडम वेगळंच सांगत होत्या. वजन दोन वर्षांत अकरा किलोनं वाढलेलं, साखर काठावर, रक्तातली चरबी जास्त, आणि वर हे बीपी.

"विषाणू दबला तरी शरीरात आतून थोडी सूज राहते. काही गोळ्यांनी वजनही वाढतं. त्यामुळं तुमच्यासारख्या पोरांना हृदयाचा त्रास इतरांपेक्षा लवकर होऊ शकतो. होतोच असं नाही. पण चढताना दम लागतो म्हणतेस ना? एकदा इको काढून घे. हृदयाची सोनोग्राफीच असते ती."

सुकन्यानं इकोची चिठ्ठी, जिच्यावर एचआयव्हीचाही उल्लेख होता, पर्समध्ये ठेवली आणि तीन आठवडे बाहेर काढली नाही.

चौदा वर्षांची असताना ती दाढ दुखते म्हणून एका दवाखान्यात गेली होती. तिथल्या बाईनं कागद वाचून भरल्या खोलीत मोठ्यानं विचारलं होतं, "एचआयव्हीची पेशंट कोणंय?" उठावं की बसून राहावं ते न कळून ती बसून राहिली आणि दुखरी दाढ तशीच घेऊन घरी आली. तेव्हापासून नव्या दवाखान्याची पायरी चढायचं ती टाळायची.

शिवाय राग होता. इतकी वर्षं मुकाट गोळ्या घेतल्या त्या याच्यासाठी? मग एके दिवशी तिनं गोळी हातात घेतली आणि परत डबीत टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या दूध केंद्रावर, जिथं ती फॅट मोजायचं काम करायची, तिनं भरलेला कॅन सरकवला आणि छाती आवळल्यासारखी झाली. ती पायरीवर बसली. सिद्धू माळेगावला कारखान्यावर कामाला निघाला होता. तिला पाहून त्यानं गाडी थांबवली.

"काय झालं गं?"

मग तिनं एका दमात सगळं सांगितलं. बीपी, चिठ्ठी, न घेतलेली गोळी.

"मॅडम म्हणल्या का गोळी बंद कर म्हणून?"

"न्हाय."

"मग? चल घरी. आधी माझ्यासमोर गोळी घे. आन् आजच त्यो इको काढायचा."

"बारामतीत नको दादा. कुणीतरी वळखीचं भेटतं."

"मग इंदापूरला जाऊ. तितं कोण वळखतंय आपल्याला?"

त्यानं सुट्टीचा फोन केला. इंदापूर गाठेपर्यंत सुकन्या मागं बसून एकच गोष्ट मनात घोळवत होती: चिठ्ठी वाचल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होईल.

इंदापूरच्या दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टर समिना शेख यांनी चिठ्ठी वाचली आणि घडी करून फायलीत ठेवली. चेहरा होता तसाच राहिला.

"गोळ्या वेळेवर चालू आहेत?"

"दोन दिवस चुकल्या."

"आता चुकवू नकोस. झोप डाव्या कुशीवर. जेल गार लागेल हं."

आधी ईसीजीची पट्टी काढली, मग इको. थोड्या वेळानं डॉक्टरांनी पडदा तिच्याकडं वळवला. काळ्या-करड्या चित्रात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं.

"हे तुझं हृदय. छान चाललंय. झडपा नीट, भिंती जाड झालेल्या नाहीत. पट्टीही चांगली आहे."

"मग दम का लागतोय?"

"वजन वाढलंय, चालणं नाही, आणि तू घाबरलेली आहेस. पण बीपी असंच राहिलं तर आणखी काही वर्षांनी हे चित्र वेगळं दिसेल. म्हणून आत्ताच आवरायचं. तुझ्या मॅडमकडं जा, त्या चालू गोळ्यांना जुळणारी बीपीची गोळी देतील. मीठ कमी, रोज चालणं."

सुकन्या बाहेर आली आणि तिला रडूच फुटलं. सिद्धू बाकावरून ताडकन उठला.

"काय म्हणल्या? सांग की!"

"काय न्हाय झालं, दादा. काय बी न्हाय झालं!"

तो मटकन बाकावर बसला. दारातून डॉक्टर पाहत होत्या. "या, तुमचंही बीपी मोजते. बहिणीला आहे म्हटल्यावर तुम्हीही बघायला हवं."

"मला काय धाड भरलीया?" सिद्धू म्हणाला, पण दंड पुढं केला.

एकशे अडुसष्ट, एकशे चार.

सिद्धू आकड्याकडं बघतच राहिला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सुकन्या खळखळून हसली. "मला घेऊन आलास आन् पेशंट तूच निघालास की!"

दुसऱ्या दिवशी दोघं बारामतीला जाऊन आली. मॅडमनी सुकन्याला बीपीची गोळी सुरू केली, सिद्धूला दुसऱ्या विभागात पाठवलं. मग दोघं रोज सकाळी कॅनॉलच्या कडेनं चालायला लागली.

आठवड्यानं दूध केंद्रावर गेणबातात्यानं कॅन ठेवता ठेवता विचारलं, "पोरी, सकाळी सकाळी भावाबरोबर कुठं निघतीस गं रोज?"

नेहमीच्या सवयीनं तिच्या ओठावर काहीतरी खोटं आलं होतं. ते मागं सारून ती म्हणाली, "मला बीपी हाय, तात्या. डॉक्टरनी चालायला लावलंय."

सहा माणसं रांगेत होती. सगळ्यांनी ऐकलं.

"आगं, मला बी हाय की!" गेणबातात्या म्हणाला. "पापड सोड आधी."

"पापडानं काय हुतंय? लसूण खा म्हणावं, कच्चा," मागून आबाजी ओरडले. त्यावर तिसऱ्यानं आपल्या मेव्हण्याची गोष्ट काढली, आणि रांगेत जोरात वाद सुरू झाला.

दुसरं दुखणं ती आज कुणाला सांगणार नव्हती. पुढं कधी सांगेल की नाही, तेही माहीत नव्हतं. पण हे एक तिनं चारचौघांत सांगितलं होतं, आणि कुणी मागं सरकलं नव्हतं. उलट जो तो पुढं येऊन उपाय सांगत होता.

"तात्या, वाद नंतर घाला," सुकन्या म्हणाली आणि दुधाचा नमुना घ्यायला माप बुडवलं. "आधी फॅट बघू द्या."