लेम्पीची खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. पण माझ्यावर झोपायला याल तर गारठून जाल. एकोणतीस हिवाळे झाले, मी बर्फ सपाट करते.

लेम्पीच्या लग्नात तिच्या आईने मला दिले. माझ्या स्प्रिंगा फार कुरकुरत. पण लेम्पी म्हणे, "आईचाच आवाज येतो." तिचा नवरा ऑर्व्हो लाकूडतोड्या. नवी वस्तू घ्यायची म्हटली की त्याच्या पोटात दुखे. टेलिफोनवाल्यांनी टाकून दिलेली एक बर्फगाडी त्याने दुरुस्त केली. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर ती तळ्याकाठी धावे, पण मागे नुसते खाचखळगे ठेवी. गावातल्या मुलांना स्की करायला सपाट वाट हवी होती.

एका रविवारी लेम्पी चर्चला गेली. ऑर्व्होने माझी गादी उचलली, माझे पाय कापले, वजनासाठी पाठीवर दोन ओंडके बांधले आणि मला साखळीने गाडीमागे जुंपले. लेम्पी परतली, तर गादी जमिनीवर.

"ऑर्व्हो, माझी खाट कुठाय?"

"फिरायला गेलीय."

"अरे, आईची होती ती!"

"मग आता अख्खं गाव आईचं नाव काढेल."

त्यानंतर तीन आठवडे ऑर्व्हो वाफेच्या न्हाणीघरातल्या बाकावर झोपला.

गावाने मात्र खरोखरच नाव काढले. माझ्या वाटेवर दूरदूरची मुले येऊ लागली. काम संपले की ऑर्व्हो मला दोन फळ्यांवर ठेवी. घासून ऊन झालेले लोखंड बर्फावर टेकवले तर खालचा बर्फ वितळतो आणि पुन्हा गोठून त्याला धरून ठेवतो. राग गेल्यावर लेम्पीसुद्धा फळ्या नीट आहेत ना, ते वाकून बघे.

मग गावाच्या स्की क्लबने एका डोंगरावरच्या हॉटेलाने वापरून सोडलेले, गाडीमागे ओढून बर्फ सपाट करायचे पिवळे यंत्र आणले. क्लबचा प्रमुख मेल्विन त्याला रोज फडक्याने पुसे. मी न्हाणीघरामागे गेले. लेम्पीने माझ्यावर वाटाण्याचे वेल चढवले. हिवाळा आला आणि मेल्विनने सांगितले, "शर्यत झाली की सोमवारी भंगारवाला येईल. खाट देऊन टाकू." मित्रांनो, माझी एकेक स्प्रिंग थरथरली.

शर्यत रविवारी होती. शुक्रवारी काम आटोपल्यावर मेल्विनने यंत्र तसेच बर्फावर सोडले.

"मेल्विन, खाली फळ्या घाल," ऑर्व्हो म्हणाला.

"ऑर्व्होकाका, हे यंत्र आहे, खाट नव्हे!"

शनिवारी सकाळी ऑर्व्होने यंत्र जोडले आणि गाडी जोरात हाणली. तळ्याला अर्धा वळसा घालून त्याने मागे पाहिले. मागे नुसता तुटलेला दांडा! यंत्र जागच्या जागी गोठले होते. खाटेला खिळलेली माणसे मी पाहिली होती. बर्फाला खिळलेले यंत्र प्रथमच पाहिले. क्लबच्या लोकांनी कुदळी मारल्या, गरम पाणी ओतले. ते पाणीही गोठले.

दुपारी मेल्विन टोपी हातात घेऊन लेम्पीच्या दारात उभा राहिला.

"काकू, उद्या बेचाळीस मुलं येणार आहेत. वाट सगळी खडबडीत आहे."

"मग यंत्र आण की."

"चूक झाली, काकू. खाट द्या."

"आधी वाळलेले वेल सोडव. हातानं, हळू. आईची खाट आहे ती."

मेल्विनने बधिर बोटांनी एकेक वेल सोडवला. मग मी कुरकुरत, पण अगदी सरळ, तळ्याभोवती फिरले. रविवारी बेचाळीस मुले माझ्या वाटेवरून सुसाट गेली. शेवटून पहिल्या आलेल्या मुलीने तर वाटेचा मुका घेतला. खरे तर ती पडली होती.

सोमवारी भंगारवाला आला. "काय न्यायचंय?" त्याने विचारले. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत.

लेम्पीने बर्फात रुतलेल्या पिवळ्या यंत्राकडे बोट दाखवले. "ते ने. निघालं तर."

मित्रांनो, ते बिचारेही वाईट नव्हते. दोन फळ्या मिळाल्या असत्या तर आज तेही धावले असते. म्हणून सांगते, दिवसभर राबून आलेल्याला तसेच गारठ्यात टाकू नका. खाली काहीतरी घाला. मेल्विन आता रोज माझ्याखाली फळ्या घालतो आणि दोनदा वाकून बघतो. मागे लेम्पी उभी असते ना!